तण खाणारे किडे : प्रस्तावना

उसाच्या पानाला मित्रकीटकांचे ट्रायकोकार्ड टाचणारा शेतकरी महाराष्ट्रात आता नवलाचा राहिलेला नाही. २००२ साली सांगली भागातून लोकरी मावा ही उसाची कीड पसरू लागली, तेव्हा ती खाणाऱ्या कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस यांची नावे उसाच्या पट्ट्यात घरोघर पोचली. ज्या फडात हे मित्रकीटक दिसत, तिथली पाने कापून लोक आपल्या फडात नेऊन ठेवत. किडीला खाणारा किडा असतो आणि तो जपला तर औषधाचा खर्च वाचतो, हे त्या दोन-तीन हंगामांनी अनेकांना शिकवले. पण झाडाला खाणारा किडा सातासमुद्रापलीकडून मुद्दाम आणायचा, वाढवायचा आणि मोकळ्यावर सोडायचा म्हटले, की तोच शेतकरी दोन पावले मागे सरतो. आज तणावर बसलेला उद्या माझ्या पिकावर बसला तर?

हा प्रश्न रास्त आहे आणि हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती उभे आहे. तणांच्या जैविक नियंत्रणाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे कोणीतरी हा प्रश्न किडा सोडण्याआधी चिकाटीने विचारला, तिथे काम टिकाऊ झाले. जिथे तो विचारायचा राहिला, तिथे एक तर नुकसान झाले किंवा केवळ नशिबाने निभावले.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात गाजर गवतापासून करणे भाग आहे. काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी ही त्याचीच नावे. रेल्वेच्या रुळांकडेला, पडीक रानात, शाळेच्या कुंपणाला, नव्याने पाडलेल्या प्लॉटवर, जिथे माती उघडी पडली तिथे ते हजर. अमेरिकेतून पीएल-४८० करारात आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात शिरले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तारखा मात्र या कथेशी जुळत नाहीत. त्या करारावर भारताने सही केली १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि पुण्यात हे झाड त्याआधीच दिसले होते. आर. एस. राव यांनी १९५६ साली पुण्यातील याच झाडांवरून भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद छापली. तेव्हा दोष कोणत्या जहाजाचा याचा खल फार न करता, पुण्याच्या उकिरड्यांवरून निघालेले हे झाड पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर कसे पसरले, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे.

एका मोठ्या झाडावर १५ ते २५ हजार बिया धरतात. बी इतके हलके की वारा, पाणी, गुरांचे खूर, ट्रॅक्टरची चाके आणि वाळूचे ट्रक, सगळेच त्याचे वाहक होतात. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलोरा येतो, म्हणजे एका पावसाळ्यात एकापेक्षा जास्त पिढ्या सहज उरकतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. उपाशी गाय-म्हैस खाते, मग तिचे दूध कडू लागते. झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याने शेजारच्या रोपांची उगवण खुंटते आणि माणसाच्या कातडीला ॲलर्जी होते. एकदा ही ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर सुटत नाही. मान, पापण्या, कोपराची लवण, हातांची पाठ या जागा आधी पेटतात, कातडी जाड आणि काळपट होते, रात्रभर खाज येते. १९६० आणि ७० च्या दशकांत पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि त्यात खुरपणी करणाऱ्या, उघड्या हातांनी गवत उपटणाऱ्या माणसांचा भरणा होता. या तणाचा खरा हिशेब क्विंटलमध्ये मांडून भागत नाही, तो या माणसांच्या अंगावर लिहिलेला आहे.

हेच झाड आपल्या मूळ मुलखात, मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशात, इतके माजलेले दिसत नाही. माती तशीच, ऊनही तसेच. फरक आहे तो शत्रूंचा. तिथे त्याची पाने खाणारे भुंगे आहेत, खोडात शिरणाऱ्या अळ्या आहेत, बिया पोखरणारे सोंडे आहेत, पानांवर तांबेरा आणणाऱ्या बुरशी आहेत. हजारो वर्षे एकमेकांशी झगडत ही मंडळी एका तोलावर आलेली आहेत. बी समुद्र ओलांडून इकडे आले ते एकटेच आले, शत्रू तिकडेच राहिले. जैविक नियंत्रणाचा सारा विचार एवढ्या एका निरीक्षणातून निघतो. मागे राहिलेल्या शत्रूंपैकी असा एखादा निवडायचा, जो या एका झाडावाचून जगूच शकत नाही, आणि त्याला इकडे आणायचे.

निवडायचा कसा, हे मला या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून इथे थोडा थांबतो. किडा आणला की तो आधी बंदिस्त प्रयोगशाळेत राहतो. देशात जिवंत कीटक आणण्यावर १९१४ च्या कायद्याचा आणि आता २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचा अंमल आहे, परवान्याशिवाय डबीभर किडेही आणता येत नाहीत. मग त्याच्यापुढे झाडे ठेवली जातात. पहिली पाळी तणाच्या सख्ख्या नातेवाइकांची, नंतर चुलत, मग दूरचे, आणि शिवाय त्या भागातली महत्त्वाची पिके. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातले, म्हणून सूर्यफूल, करडई, कारळे, झेंडू, शेवंती यांचा क्रम आधी लागतो. किड्याला एकदा पर्याय देऊन पाहतात आणि एकदा काहीही पर्याय न देता, म्हणजे हे खा नाहीतर मर अशा अवस्थेत ठेवतात. त्याने पानाला दोन भोके पाडली की नाही एवढ्यावर निकाल लागत नाही. त्या झाडावर तो अंडी घालतो का, अळी वाढून तिचा कोष होतो का, त्यातून बाहेर पडलेली मादी पुन्हा अंडी घालते का, इथपर्यंत पाहतात.

या परीक्षेत नापास झालेल्या एका पतंगाची गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असावी. एपिब्लेमा हा मेक्सिकोचा पतंग. त्याची अळी गाजर गवताच्या खोडात शिरते, तिथे गाठ येते आणि झाड खुरटते. ऑस्ट्रेलियाने १९८२ पासून तो क्वीन्सलँडमध्ये सोडला आणि त्याचा त्यांना चांगला उपयोग झाला. १९८० च्या दशकातच तो बंगळूरला आणून तपासला, तेव्हा त्याची अळी कारळ्याच्या झाडावरही पूर्ण वाढू शकते असे आढळले. ऑस्ट्रेलियात कारळ्याला फारसे महत्त्व नाही. आपल्याकडे नाशिक, धुळे, नंदुरबारच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी हलक्या जमिनीत कारळे पेरतात, त्याला खुरासणीही म्हणतात, आणि त्याचे तेल व चटणी घरोघर असते. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तो पतंग सोडला नाही, सगळी पैदास नष्ट केली. इतरत्र यशस्वी ठरलेला कीटक हाताशी असताना डोंगरातल्या एका गरीब पिकासाठी त्याला नकार देणे, हा या शास्त्राच्या इतिहासातला फार मोठा निर्णय आहे असे मी मानतो. विजयाच्या कथा सगळेच सांगतात, या नकाराची गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

पास झाला तो झायगोग्रामा, ज्याला आपल्याकडे मेक्सिकन भुंगा म्हणतात. १९८३ साली तो बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत आला. के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० वनस्पतींवर त्याची चाचणी घेतली आणि १९८४ साली तो मोकळ्यावर सोडला. पहिली काही वर्षे काहीच घडले नाही असे वाटावे इतका तो हळू पसरला. नंतर १९८८ च्या सुमारास बंगळूरच्या आसपास गाजर गवताचे ताटवेच्या ताटवे पानांविना, नुसत्या काड्या होऊन उभे दिसू लागले.

आणि मग शेतकऱ्याचा तो जुना प्रश्न खरोखरच दारात येऊन उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे कुरतडताना दिसले. बोभाटा झाला, केंद्र सरकारने सत्यशोधनासाठी समिती नेमली, भुंगे सोडण्याचे काम थांबले. सूर्यफूल हे तेव्हा सोलापूर, लातूर, उस्मानाबाद पट्ट्यातलेही मोठे पीक, त्यामुळे ही चिंता आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली होती. तपासातून जे बाहेर आले ते विलक्षण होते. शेताच्या कडेला माजलेल्या गाजर गवताचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते, आणि त्या परागांमुळे भुंगे त्या पानांना तोंड लावत होते. निव्वळ सूर्यफुलावर त्यांची वंशावळ टिकत नव्हती. म्हणजे सूर्यफुलाला धोका होता तो बांधावरच्या तणाचा, आणि तण गेले की भुंग्याला तिथे काही कारण उरत नव्हते. पुढे बंदी उठली. या साऱ्या प्रकरणात शंका घेणारे शेतकरी चुकले असे मला वाटत नाही. त्यांनी पाहिले ते खरे होते, फक्त त्यामागचे कारण दिसायला प्रयोगशाळा लागली.

हा भुंगा ओळखायला सोपा आहे. लांबी पाच-सहा मिलिमीटर, पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभ्या वाकड्यातिकड्या रेघा. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. लहान अळ्या शेंड्याच्या कोवळ्या पानांत आणि कळ्यांत बसून खातात, म्हणून झाडाची वाढ वरूनच खुंटते. वाढ पूर्ण झालेली अळी जमिनीत उतरते, तिथेच कोष करते, आणि अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो. पाऊस सरला, गवत वाळले की प्रौढ भुंगे मातीत खोल जाऊन झोपी जातात आणि पुढच्या मे-जूनमध्ये जमीन भिजली की वर येतात. महाराष्ट्रात आता तो ठिकठिकाणी स्थिरावला आहे. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे पावसाळ्यात त्याचे वाटपही करतात.

त्याची मर्यादा याच वेळापत्रकात आहे. गाजर गवत पहिल्या पावसात उगवते आणि चार-सहा आठवड्यांत फुलते. भुंगा जूनमध्ये जागा होतो, पण त्याची संख्या भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर पहिली फळी बी टाकून मोकळी झालेली असते. हिवाळी पाण्यावर आणि उन्हाळी ओलितावर जे गाजर गवत वाढते, ते भुंगा झोपेत असताना वाढते. शिवाय मातीत आधीपासून पडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून एका वर्षी भुंगे सोडून पुढच्या वर्षी रान स्वच्छ होईल अशी आशा धरणाऱ्याच्या पदरी निराशा येते, आणि मग तो तणनाशक फवारतो. फवाऱ्याने झाड मरते आणि त्यावरच्या अळ्याही मरतात. तणनाशक आणि भुंगा यांची एका जागेवर मैत्री होत नाही, हे या पुस्तकात अनेकदा सांगितले आहे, कारण ते अनेकदा विसरले जाते.

भुंग्याच्या जोडीला टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, तो उपयोगी पडतो. पडीक जागेवर त्याचे बी पावसाच्या आधी दाट फेकले की तो गाजर गवताला दाटीत वर येऊ देत नाही, आणि कोकणात-घाटावर त्याची कोवळी भाजी लोक आवडीने खातात.

आता थोडे मागे जायला हवे, कारण तण खाणारा किडा वापरण्याची जगातली पहिली मोठी घटना भारतातच घडली आणि ती चुकून घडली. स्पॅनिश लोकांच्या हातात किरमिजी रंगाचा व्यापार होता. निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून तो रंग मिळे आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्यात वाटा हवा होता. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या गृहस्थाने रिओ द जानेरोहून हे किडे कलकत्त्याला आणले. ते रंगाचे कोचिनील नव्हतेच, त्यांचे जवळचे भाऊबंद होते. रंग निकृष्ट निघाला, पण उत्तर आणि मध्य भारतात माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा त्यांनी फडशा पाडला. हे पाहून १८३६ च्या सुमारास ते मुद्दाम दक्षिणेत नेले गेले. पुढे दक्षिणेत निवडुंगाची दुसरी जात माजली. तिच्यावर हा किडा चालेना, म्हणून १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनीलची वेगळी जात आणली आणि काही वर्षांत हजारो एकर रान मोकळे झाले. आपल्याकडे फड्या निवडुंगाच्या पानांवर काही ठिकाणी कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसतात. त्यातला एक चिरडला की बोटाला गडद लाल रंग लागतो. तीच ही मंडळी.

या गोष्टीतला मुद्दा जातीच्या ओळखीचा आहे. निवडुंग म्हणजे निवडुंग, किडा म्हणजे किडा असे चालत नाही. साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याने हाच धडा पुन्हा दिला. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाची जलाशये त्याने झाकून टाकली होती. त्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका दुसऱ्याच जातीचा समजून तिचे शत्रू आणून सोडले गेले आणि ते निरुपयोगी ठरले. १९७२ मध्ये ही वेगळी जात असल्याचे जाहीर झाले, १९७८ मध्ये तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले, आणि तिथला एक छोटा सोंड्या भुंगा १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या मूनडारा तलावात सोडला. जेमतेम वर्षभरात तिथला सुमारे १८ हजार टन साल्व्हिनिया नष्ट झाला. त्यानंतर हा भुंगा स्वतःच नवीन जातीचा असल्याचे उमगले. केरळात तो १९८० च्या दशकात आला आणि तिथल्या कालव्यांतून, भातखाचरांतून साल्व्हिनिया ओसरला. अलीकडे बैतूल जिल्ह्यात सारणीजवळच्या सातपुडा जलाशयावर हेच तण पसरले होते, लोक त्याला चायनीज झालर म्हणत. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तिथे हा भुंगा सोडला आणि काही वर्षांत पाणी पुन्हा दिसू लागले.

सगळ्यात गाजलेले यश ऑस्ट्रेलियाच्या निवडुंगाचे. १९२० च्या दशकात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधली सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली होती, माणसे शेतवाड्या सोडून निघून गेली होती. १९२५ साली ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस पतंगाची जेमतेम तीन हजार अंडी आणली. १९३३ पर्यंत बहुतेक रान मोकळे झाले, आणि बूनार्गा गावात लोकांनी आपल्या सभागृहाला या पतंगाचे नाव दिले. पण याच पतंगाला १९५७ साली कॅरिबियन बेटांवर नेले, तिथून तो बेटाबेटाने पुढे सरकला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात पोचला. ऑस्ट्रेलियात एकही निवडुंग मूळचा नाही, म्हणून तिथे तो पतंग निर्धोक. उत्तर अमेरिकेत मात्र निवडुंगाच्या कितीतरी देशी जाती आहेत आणि मेक्सिकोत तर निवडुंग हे अन्न आहे. तिथे हाच पतंग आता भीतीचे कारण आहे.

आपल्याकडे घाणेरी या तणाच्या बाबतीत याहून सौम्य पण बोलका प्रसंग घडला. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून टेलिओनेमिया हा ढेकूण डेहराडूनला तपासणीसाठी आणला. तो सागाच्या फुलोऱ्यावरही खातो असे दिसताच पैदास नष्ट केली, तरी काही किडे निसटलेच आणि नंतरच्या वर्षांत ते बाहेरच्या घाणेरीवर सापडले. सागाचे नुकसान झाले नाही आणि घाणेरीही हटली नाही. एकदा मोकळा झालेला किडा परत बोलावता येत नाही, म्हणूनच दाराआतल्या तपासणीला कितीही वर्षे लागली तरी ती कमी नाहीत.

पुणे आणि कोल्हापूरच्या वाचकांना या पुस्तकातला जलपर्णीचा भाग सर्वांत जवळचा वाटेल. निओकेटिना जातीचे भुंगे १९८० च्या दशकात बंगळूरला आले, आणि हेब्बाळ तलावातली जलपर्णी त्यांनी दोन-तीन वर्षांत आटोक्यात आणली. मग मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी आणि पंचगंगेत हे का जमत नाही? कारण आपण या नद्यांत सांडपाणी सोडतो. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी इतक्या वेगाने वाढते की भुंगा खाता खाता मागे पडतो, आणि दर उन्हाळ्यात यंत्राने जलपर्णी काढली जाते तेव्हा तिच्यावर जमलेले भुंगेही डंपरमधून निघून जातात. जलपर्णीच्या प्रश्नाला किड्याची जोड देता येईल, पण मैलापाणी शुद्ध केल्याशिवाय कोणताही किडा पुण्याची नदी मोकळी करणार नाही. हे ज्यांनी ठरवायचे त्यांच्यापर्यंत पोचावे म्हणून त्या प्रकरणात हे स्पष्ट लिहिले आहे.

पुस्तकाचा बाकीचा भाग शेतकरी, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागातली माणसे यांच्यासाठी आहे. कीटक ओळखायचे कसे, कोणत्या महिन्यात काय पाहायचे, भुंगे एका जागेवरून दुसरीकडे कसे न्यायचे, एवढेच त्यात आहे. घरात किंवा शाळेत पैदास करण्याचे मोठे बेत त्यात मुद्दाम दिलेले नाहीत. जिथे भुंगा भरपूर आहे तिथून तो गोळा करून जिथे नाही तिथे सोडणे, हे बहुतेक गावांना पुरेसे आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो. शाळांची मुले, बचत गटांच्या महिला, ग्रामसेवक रस्त्यावर उतरतात, गवत उपटतात आणि जाळतात. भुंग्यांची संख्या वाढण्याचा काळही नेमका हाच. म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना एक विनंती आहे. यंदा हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून गवतात उतरा, पण उपटण्याआधी चार-दहा झाडांची पाने उलटून पाहा. अळ्या किंवा रेघांचे भुंगे दिसले तर तो तुकडा तसाच ठेवा, तिथे फवारू नका, जाळू नका. फुलावर आलेली आणि भुंगा नसलेली झाडे तेवढी उपटा. सकाळच्या वेळी दोन-तीनशे भुंगे पाला घातलेल्या भोकाच्या बरणीत गोळा करा आणि ज्या शेजारच्या गावात ते नाहीत, तिथल्या गाजर गवतावर त्याच संध्याकाळी सोडून द्या.